वीस वर्षांची बोर्दो: राहिलेली एक बाटली कशी उघडावी, कशी जोखावी

प्रश्न: "आमच्या मेहुण्यांनी फ्रान्सहून 2005 सालच्या, मेदोक भागातल्या रेड वाईनच्या दोन बाटल्या आणल्या. एक आम्ही मे महिन्यात घरी तांबड्या-पांढऱ्याच्या जेवणाबरोबर उघडली. वास ओल्या गोणपाटासारखा, चव आंबट आणि पातळ, तळाला गाळ. सगळ्यांनी दोन घोट घेतले आणि ग्लास बाजूला ठेवले. दुसरी बाटली अजून आहे. ती कशी उघडावी, कशी चाखावी, आणि ती खरंच उंची आहे की नुसतीच जुनी, हे कशावरून ओळखावं?"

उत्तर:

बूच काढल्यापासून ग्लास बाजूला ठेवेपर्यंत किती वेळ गेला, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण मे महिना, पुढ्यात वाफाळता रस्सा आणि घरात पाहुणे म्हटल्यावर दहा मिनिटांच्या वर गेला नसावा. त्यामुळे तुमची पहिली बाटली खराब होती की चांगली, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. तुम्ही सांगितलेल्या चारही खुणा खराब वाईनमध्ये सापडतात आणि उत्तम जुन्या वाईनमध्येही सापडतात. फरक कळतो तो तासाभरानं. जुनी वाईन जोखायची म्हणजे घड्याळ जवळ ठेवून बसायचं. पुढे जे सांगतो ते सगळं त्या तासाबद्दलच आहे.

मी नाशिककडच्या वायनरींत वीसेक वर्षं पिंपांवर काम केलं आणि आता कोल्हापुरात परत आलो आहे. दर हिवाळ्यात आम्ही पाच-सहा जण जमून एखादी जुनी बाटली उघडतो. इथल्या हवेत, इथल्या जिभेला आणि इथल्या नाकाला ही वाईन कशी भेटते, ते त्या बैठकांमधून शिकलो.

बोर्दो हा फ्रान्समधला वाईनचा प्रदेश, तुमचं मेदोक त्यातलाच एक भाग. बोर्दो हे नाव आपल्या भागाला परकं नाही. तासगाव-मिरजेकडच्या कोणत्याही द्राक्ष बागायतदाराला विचारा, बोर्डो मिश्रण त्याच्या हाताखालून गेलेलं असतं: मोरचूद आणि चुना. हे औषध त्याच बोर्दोच्या मळ्यांत सापडलं. वाटेवरून जाणाऱ्या लोकांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचं पाणी मारलेलं असायचं. नेमक्या त्याच वेलींवर डाऊनी, म्हणजे केवडा रोग, येत नाही, हे प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आलं आणि 1885 साली त्यांनी ते जगापुढे मांडलं. हे सांगण्याचं कारण असं, की बोर्दो समुद्राजवळचा, दमट, पावसाळी प्रदेश आहे. कधी फुलोऱ्यात पाऊस येतो, कधी ऐन तोडणीत. म्हणून तिथल्या बाटलीवरच्या सालाला इतकं महत्त्व. तुमचं 2005 हे कोरडं, उन्हाचं, फार चांगलं साल होतं. त्या साली साध्या मळ्यांनीही भरीव, तुरट, टिकाऊ वाईन केली. 2009 आणि 2010 ही पुढची दोन मोठी सालं. याउलट 2013 थंड आणि ओलं गेलं. त्या सालच्या वाईन हलक्या आहेत, त्या इतकी वर्षं ठेवण्यात अर्थ नाही.

मेदोक म्हणजे जिरोंद खाडीच्या डाव्या काठावरची खडीची जमीन. पाणी झरझर निचरतं, दगड दिवसभर तापतात, आणि उशिरा पिकणाऱ्या काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाला ते मानवतं. जोडीला मर्लो असते, थोडी काबर्ने फ्रांक, कुठे चिमूटभर पती व्हर्दो. उजव्या काठावर, सांतेमिल्यों आणि पोमरोलकडे, चिकणमाती आणि चुनखडी असल्यामुळे मर्लोचं राज्य. तिथली वाईन मऊ आणि लवकर मोकळी होणारी, तर मेदोकची ताठ आणि सावकाश बोलणारी. तुमची बाटली ताठ घराण्यातली आहे.

लेबलाबद्दल एकच सूचना. 'ग्रां व्हॅं द बोर्दो' हे शब्द दिसले म्हणून हुरळून जाऊ नका, ती काही सरकारमान्य प्रत नाही. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभावावरून मेदोकच्या मळ्यांची पाच पायऱ्यांची उतरंड लावली. ती जवळजवळ तशीच चालू आहे. 1973 साली मूतों रोथशिल्ड दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर आलं, एवढाच मोठा बदल. त्या यादीत तुमच्या मळ्याचं नाव असेल तर उत्तम. नसेल तरी 2005 ची मेदोक म्हणून तिला पूर्ण संधी द्या.

आता वीस वर्षांत बाटलीत काय होतं ते. यासाठी कोल्हापूरकराला पुस्तकाची गरज नाही, पायातली चप्पल पुरे. अस्सल कोल्हापुरी चपलेचं चामडं हिरडा आणि बाभळीची साल घालून कमावतात. हिरड्यातला तुरट अंश, म्हणजे टॅनिन, कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरतो. त्यामुळे कातडं कुजत नाही, त्याचं चामडं होतं. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत त्याच जातीची द्रव्यं असतात. कोवळ्या रेड वाईनचा घोट घेतला की टॅनिन तुमच्या लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि हिरड्या-गाल आवळल्यासारखे होतात. हिरड्याचा तुकडा चघळून पाहा, नेमकं तेच होतं. बाटलीत वर्षानुवर्षं हे टॅनिनचे कण एकमेकांना आणि सालीतल्या जांभळ्या रंगद्रव्याला जोडले जातात. बुचातून येणारी किंचित हवा त्यात मदत करते. साखळ्या मोठ्या होतात, जड झाल्या की खाली बसतात. तुमच्या बाटलीतला गाळ तो हाच. त्यात भेसळ नाही, काही बिघडल्याची खूणही नाही. वीस वर्षांच्या मेदोकला गाळ नसता तर मलाच शंका आली असती. तो तोंडात गेला तर कडू आणि चरचरीत लागतो, एवढाच त्याचा दोष. बाटली हलवत आणून ओतली असेल तर तुमच्या पहिल्या ग्लासांत तो सगळा मिसळला असणार.

या सगळ्यात आम्लता फारशी बदलत नाही. फळाचा गोडवा मात्र वर्षागणिक मागे सरतो, त्यामुळे आंबटपणा आधी होता तेवढाच असून उघडा पडतो. तुम्हाला 'आंबट आणि पातळ' वाटलं त्याचा काही भाग हा. आपल्याकडे रेड वाईन म्हटलं की अनेकांच्या जिभेला गोव्याची गोड पोर्ट आठवते. बोर्दो पूर्ण कोरडी असते. त्या आठवणीनं घोट घेतला तर ती पातळच वाटणार.

बाटली अजून दोन-पाच वर्षं ठेवावी का, असं मनात असेल तर माझं स्पष्ट मत: ठेवू नका. हिला 12 ते 14 अंशांची, न बदलणारी, अंधारी जागा लागते. कोल्हापुरात उन्हाळ्यात पारा 38 च्या आसपास जातो आणि पावसाळ्यात भिंतींना ओल येते. मी माझी एक आवडती बाटली एक उन्हाळा घराच्या माळ्यावर, उतरंडीमागे जपून ठेवली होती. दिवाळीत उघडली तेव्हा तिला चक्क काकवीचा वास येत होता. फळ शिजून गेलं होतं. त्या बाटलीची हळहळ मला आजही वाटते. उघडेपर्यंत तुमची बाटली फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून आडवी ठेवा. काही महिने एवढं चालेल. आणि डिसेंबर-जानेवारीतली संध्याकाळ ठरवा.

उघडण्याआधी बाटली बाहेरून वाचा. पातळी कुठे आहे? मानेत किंवा मानेच्या बुडाशी असेल तर छान. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर आत बरीच हवा शिरली आहे, अपेक्षा कमी ठेवा. बूच बाटलीच्या तोंडाच्या वर आलेलं दिसलं किंवा कॅपखाली चिकट ओघळ असला, तर ती वाटेत कुठेतरी तापली आहे.

दोन दिवस आधी बाटली उभी करा, म्हणजे गाळ तळाला बसेल. त्या दिवशी फ्रीजमधून पाऊण-एक तास आधी काढा. 16 ते 18 अंशांवर ती प्यायची. 'रेड वाईन खोलीच्या तापमानाला' हे वाक्य युरोपातल्या थंड दगडी घरांसाठी आहे. मे महिन्यातल्या आपल्या दिवाणखान्यासाठी नाही. 30 अंशांवर कोणतीही वाईन नाकात नुसती अल्कोहोलची वाफ देते. तुमच्या पहिल्या बाटलीवर हा अन्याय नक्की झाला असेल.

वीस वर्षांचं बूच मऊ झालेलं असतं. नेहमीचा स्क्रू लावून ओढलं की अर्धं तुटतं. दोन पात्यांचा ओपनर मिळाला तर तो वापरा. पाती बुचाच्या कडेनं सरकवायची आणि फिरवत वर घ्यायचं. तरीही चुरा झाला तर घाबरू नका. मलमलचं कापड साबणाविना, उकळत्या पाण्यात धुऊन घ्या आणि त्यातून गाळा. ओतताना बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरा, काचेच्या सुरईत एका संथ धारेनं ओता, मध्ये थांबू नका. मानेत गाळाची पहिली काळी रेघ आली की थांबा. तळाला अर्धा पेला राहील, तो राहू द्या. ओतून झालं की लगेच प्रत्येक ग्लासात 50-60 मिली घ्या. कोवळी वाईन सुरईत दोन-दोन तास ठेवतात, जुनीला ते सोसत नाही. तिचा तास सुरईत वाया घालवायचा नाही, तो ग्लासातच जायला हवा. ग्लास वरती निमुळता, काचेचा, आणि धुण्याच्या साबणाचा वास नसलेला.

आता बघणं. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका करा. मधला रंग आणि कडेचा रंग वेगळे दिसतील. कोवळी काबर्ने जांभळाच्या रसासारखी, कडेपर्यंत जांभळी. तुमची मध्ये डाळिंबी आणि कडेला विटकरी दिसली तर वयाला शोभेल. कडेपासून मध्यापर्यंत तपकिरी, काळ्या चहासारखी असली तर तिचा काळ सरला असावा. पण रंगावर निकाल देऊ नका. आमच्या बैठकीत एक स्नेही आहेत, शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ते म्हणतात, रंगावर गूळ घेणारा फसतो. पावडर घालून पिवळाधमक केलेला रवा दिसायला देखणा, आणि काळसर, ओबडधोबड रव्याची गोडी मात्र जिभेवर रेंगाळते. वाईनबाबत मी त्यांचंच ऐकतो.

वासावर मात्र जास्तीत जास्त वेळ घालवा. तुमचा 'ओल्या गोणपाटाचा' वास दोन वेगळ्या कारणांनी येऊ शकतो. एक, बुचाचा दोष. बुचातल्या बुरशीमुळे टीसीए नावाचं द्रव्य तयार होतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं: भिजलेला पुठ्ठा, पावसाळाभर बंद राहिलेली खोली. हा वास हवेनं जात नाही, उलट वाढत जातो, आणि खालचं फळ मारून टाकतो. दुसरं कारण नुसतं कोंडलेपण. वीस वर्षं बंद बाटलीतली वाईन सुरुवातीला कुबट येते आणि दहा-वीस मिनिटांत मोकळी होते. पहिल्या मिनिटाला या दोन्ही वासांत भल्याभल्यांना फरक करता येत नाही. विसाव्या मिनिटाला कोणालाही करता येतो.

एक संध्याकाळ सांगतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत, रंकाळ्याजवळच्या एका घरी आम्ही पॉइयाक गावची 1996 सालची बाटली उघडली. पॉइयाक हे मेदोकमधलंच, काबर्नेसाठी गाजलेलं गाव. पहिला वास ओलसर, बंद पेटीसारखा. एकजण म्हणाला, 'गेली ही.' आम्ही ग्लासांवर बशा झाकल्या आणि थांबलो. बाराव्या मिनिटाला कुबटपणा निम्मा झाला होता. पंचविसाव्या मिनिटाला गुळाच्या स्नेह्यांनी बशी काढली, बराच वेळ ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाले, 'आत्ता बोलाय लागली बघा.' त्यांना निपाणीच्या तंबाखूच्या वखारीचा वास आला होता: कोरडा, गोडसर, वाळल्या पानांचा. पुस्तकी लोक याला सिगारची पेटी म्हणतात, पण ज्याचं बालपण निपाणीच्या रस्त्यावर गेलं त्यानं ते शब्द उसने कशाला घ्यायचे? चाळिसाव्या मिनिटाला देवदार आला, म्हणजे नुकतीच तासलेली पेन्सिल, लाकूड आणि शिसं दोन्ही. मग चामडं. मग, अगदी तळातून, जांभळाची बी चोखताना येतो तसा फळाचा वास, बारीक पण स्वच्छ. तासाभरानं ती सगळ्यात सुंदर होती. दीड तासानं तंबाखू उरला, फळ गेलं. दोन तासांनी नुसता काढा. पहिल्या मिनिटाला ज्यानं 'गेली' म्हटलं होतं, त्यानंच शेवटचा घोट सगळ्यांत जास्त वेळ पुरवला.

वासाचे थर तीन असतात. पहिला थर फळाचा. बोर्दोबद्दल बोलताना जग 'काळं करंट' म्हणतं. ते आपण पाहिलेलं नाही, पण पन्हाळा-गगनबावड्याची करवंदं, जांभूळ, काळ्या मनुका आपल्या ओळखीच्या आहेत. काबर्ने पुरती पिकली नसेल तर ढोबळी मिरचीचा हिरवा वास येतो. थोडा असला तर ताजेपणा देतो, जास्त असला तर दोष. दुसरा थर पिंपांचा. बोर्दोत वाईन 225 लिटरच्या ओकच्या पिंपांत मुरवतात. त्यातून व्हॅनिला, लवंग, भाजलेल्या लाकडाचा वास येतो. जुन्या वाईनमध्ये हा थर विरघळलेला असावा, वेगळा हुंगता येऊ नये. तिसरा थर वयाचा: तंबाखू, चामडं, अळंबी, आणि पाऊस ओसरल्यावर दाजीपूरच्या जंगलात पायाखाली दबणाऱ्या पालापाचोळ्याचा वास. उंची जुन्या वाईनमध्ये तिसरा थर पुढे असतो, पण पहिला पूर्ण गेलेला नसतो. फळाचा मागमूसही नसेल आणि नुसता पाचोळाच असेल, तर ती वाईन म्हातारी झाली आहे, मुरलेली नाही.

इतर दोष चटकन सांगतो. नेलपॉलिश किंवा शिरक्याचा टोचरा वास म्हणजे अ‍ॅसेटिक जीवाणूंची करणी. अगदी पुसट असेल तर जुन्या बाटलीला माफ. कापून ठेवलेल्या, काळवंडलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे हवा जास्त लागली. काकवी, शिजलेला मुरांबा म्हणजे उष्णता. घोड्याच्या तबेल्याचा वास ब्रेट नावाच्या यीस्टचा. यावर जाणकारांत मतभेद आहेत. काहींना तो जुन्या बोर्दोचा स्वभाव वाटतो. माझं मत, तबेला दूरवरून आला तर चालेल, तबेल्यात उभं राहायची वेळ आली तर नाही.

आता घोट. तो छोटा घ्या, दोन चमचे. तोंडभर फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, मग थुंका. आपल्याकडे पाहुण्यांसमोर थुंकणं असभ्य वाटतं, म्हणून मी प्रत्येकाला आधीच वेगळा स्टीलचा पेला देतो आणि कारण सांगतो: चाखण्याचं काम तासभर चालायचं आहे, डोकं शाबूत हवं. प्यायची ती नंतर प्यावीच.

तोंडात तीन गोष्टी पाहा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं का? ती आम्लता; जुन्या वाईनचा कणा तीच. हिरड्यांवर तुरटपणा कसा बसतो? 2005 चं टॅनिन मुळात भरपूर होतं, ते अजून जाणवेल. प्रश्न किती हा नाही, कसं हा आहे. नवी कोरी कच्ची सुपारी आणि मुरवलेली सुपारी, दोन्ही तुरटच, पण एक ओरबाडते, दुसरी पसरते. मुरलेलं टॅनिन बारीक, मलमलीसारखं लागतं आणि घोटाच्या शेवटी विरतं. तिसरी गोष्ट मध्यभाग. घोट सुरुवातीला चांगला आणि शेवटी तुरट, पण मधे पोकळ, असं पुष्कळ बोर्दोंचं होतं. चांगल्या वाईनमध्ये फळ मधल्या जागेत टिकून असतं. अल्कोहोल घशाशी जळता कामा नये.

मग घड्याळ. थुंकल्यानंतर चव किती सेकंद राहते ते मोजा. फ्रेंच लोकांनी यासाठी 'कोदाली' असं एककच केलं आहे, एक कोदाली म्हणजे एक सेकंद. साधी वाईन चार-पाच सेकंदांत जाते. दहा-बाराच्या पुढे गेली तर ती निश्चित वरच्या दर्जाची. मात्र मोजायचं ते फळ आणि वास. नुसता तुरटपणा किंवा कडवटपणा मागे राहिला तर ती लांबी धरायची नाही. नवशिके इथे सगळ्यात जास्त चुकतात आणि टॅनिनलाच मोठेपणा समजतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न: उंची की नुसतीच जुनी? वय हा दर्जा नाही. बोर्दोत होणाऱ्या वाईनपैकी बहुतेक पाच-सात वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच असतात. त्यांना वीस वर्षं ठेवलं तर त्या फक्त रिकाम्या होतात. उंचीचा माझा पहिला निकष समतोल: आंबट, तुरट, अल्कोहोल आणि फळ यांपैकी एकाचंही नाव पहिल्या घोटात पटकन घेता येत नसेल, तर समतोल आहे. दुसरा लांबी, जी तुम्ही मोजलीच. तिसरा निकष मला सगळ्यांत प्रिय आहे आणि गुणपत्रिकेत बहुधा नसतो: तासाभरात ती कुठून कुठे गेली? ग्लासातली साधी जुनी वाईन पाचव्या मिनिटाला जी असते तीच पन्नासाव्याला, फक्त थोडी अधिक थकलेली. उंची वाईन वर चढते, थांबते, मग उतरते. दर दहा मिनिटांनी वहीत एक ओळ लिहा. सहा ओळी सारख्याच आल्या तर उत्तर मिळालं. सहाही वेगळ्या आल्या आणि शेवटच्या पहिल्यापेक्षा श्रीमंत असल्या, तरीही मिळालं.

शंभरपैकी गुण देण्याची पद्धत अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांच्यामुळे रूढ झाली. दुकानदारांना ती सोयीची आहे. वीस वर्षांच्या बाटलीला मी तसे गुण देत नाही. एकाच पेटीतल्या दोन बाटल्या वीस वर्षांनी दोन सख्ख्या भावांइतक्या वेगळ्या झालेल्या असतात. प्रत्येक बूच वेगळं श्वास घेतं. म्हणून पहिली बाटली बिघडलेली निघाली असली तरी दुसरी तशीच निघेल असं मानू नका.

जेवणाचं काय? तांबड्या रश्शाला मी हात जोडतो, पण या वाईनसमोर तो ठेवू नका. मिरचीनं जीभ पेटली की अल्कोहोल अधिक जाळतं, तुरटपणा अधिक टोचतो आणि उरलंसुरलं नाजूक फळ ऐकूच येत नाही. पांढऱ्यातही हिरवी मिरची आणि मिरे असतात. पण आपल्याच चुलीवर या वाईनचा खरा सोबती आहे: अळणी. मसाला पडायच्या आधी, हळद-मीठ, आलं-लसणावर शिजलेलं मटण, जे लहान मुलांना आणि आजाऱ्यांना वाढतात. मऊ मांस, थोडी चरबी, बेताचं मीठ. मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला आपल्याकडे ओढून घेतात, तोंड मोकळं होतं, आणि मटणाचा गोडवा वाईनमधल्या हरवलेल्या गोडव्याच्या जागी येऊन बसतो. पहिला पाऊण तास नुसती वाईन, मग अळणी मटण आणि भाकरी. मसाल्याचं जेवण त्यानंतर खुशाल होऊ द्या.

त्या संध्याकाळच्या आधी थोडा सराव हवा असेल तर अकलूजच्या फ्रतेल्लीची सेत्ते किंवा ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, यांपैकी एखादी देशी रेड वाईन आणा. दोन्ही बोर्दोच्या मिश्रणाच्या नाहीत. पहिलीत सांजिओव्हेझे आणि काबर्ने ही द्राक्षं, दुसरीत काबर्ने आणि शिराझ. पण टॅनिन, ओक आणि लांबी ओळखायला त्या उत्तम. कोवळ्या वाईनचं फळ एकदा नीट पाहून ठेवलं, की जुनीत ते कुठे लपलं आहे हे शोधता येतं. शिवाय महाद्वार रोडला चपलेच्या दुकानात नव्या जोडाचा वास घ्या, तासलेली पेन्सिल हुंगा, बाजारात करवंदं आली की फुटलेल्या करवंदाचा वास लक्षात ठेवा. नाकाला नावं आधी द्यावी लागतात, ग्लास समोर आल्यावर ती सुचत नाहीत.

बसायला सहापेक्षा जास्त माणसं बोलावू नका, बाटलीत 750 मिलीच असते. अत्तर, उदबत्ती आणि गजरा त्या खोलीत नको. उरलेली वाईन दुसऱ्या दिवसावर टाकू नका, ती सकाळपर्यंत मरते. आणि रिकामे ग्लास त्या रात्री धुऊ नका. झाकून ठेवा, सकाळी चहाच्या आधी एकेक उचलून हुंगा. साध्या वाईनच्या ग्लासाला आंबूस वास असतो किंवा काहीच नसतो. तुमच्या ग्लासाच्या तळाशी सकाळीही वाळला तंबाखू आणि देवदार सापडला, तर मला अवश्य कळवा.